एनबीएचे मोठे काळ एका तक्त्यात : कामाच्या नोंदी

७ जुलै २०२४

काम असंय की आमच्या बास्केटबॉल क्लबच्या कोर्टाशेजारच्या भिंतीवर एक मोठा फ्लेक्स लावायचाय, एनबीएच्या (अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या) इतिहासातले मोठे काळ एकाशेजारी एक, आकड्यांसकट. प्रॅक्टिस संपली की पोरं जॉर्डन का लेब्रॉन यावर भांडत बसतात, आणि बोस्टन सेल्टिक्सच्या बिल रसेलचं नाव काढलं की "ताई, तेव्हा होतंच कोण खेळायला" म्हणून मोकळी होतात. मला हे खरंच लागतं, तेरा सीझनमध्ये अकरा चॅम्पियनशिप जिंकलेल्या माणसाला असं एका वाक्यात उडवून कसं चालेल. नोंदी यासाठी ठेवतेय की दुसऱ्या कुठल्या क्लबला किंवा शाळेला हेच करायचं असेल तर त्यांचा वेळ वाचावा.

पहिली शीट साधी होती. प्रत्येक काळातला एक सीझन घेतला, गुण, रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), असिस्ट (ज्यावर बास्केट होते तो पास) टाकले आणि सॉर्ट केलं. वर सगळा १९६१-६२ आला. विल्ट चेंबरलेन मॅचमागे ५०.४ गुण, २५.७ रिबाउंड. ऑस्कर रॉबर्टसन ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड, ११.४ असिस्ट. वॉल्ट बेलामी पहिल्याच वर्षी ३१.६ गुण. आणि एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू कोण, तर १८.९ गुणांचा रसेल! तेव्हा एमव्हीपीला मत खेळाडूच द्यायचे, म्हणजे ज्यांनी विल्टला समोरून खेळताना बघितलं त्यांनीच रसेलला निवडलं. आमची शीट आणि त्यांचं मत इतकं उलटं येत असेल तर शीटमध्ये काहीतरी कमी आहे हे उघड होतं.

१० जुलै

आकडे एवढे फुगतात कशाने ते शोधलं. १९६१-६२ मध्ये एक टीम मॅचमागे १०७.७ शॉट मारायची आणि त्यातले ४२.६ टक्के जायचे. २०२३-२४ मध्ये ८८.९ शॉट, ४७.४ टक्के. शॉट जास्त, चुकणारे त्याहून जास्त, म्हणजे रिबाउंडचा पाऊस. टीमचे रिबाउंड तेव्हा ७१.४, आता ४३.५.

मग म्हटलं पझेशनवर, म्हणजे टीमच्या हातात बॉल येण्याच्या एकेका खेपेवर आणू सगळं. नेहमीचा फॉर्म्युला म्हणजे शॉट, अधिक फ्री थ्रोच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या) ०.४४ पट (प्रत्येक फ्री थ्रोने पझेशन संपत नाही म्हणून ०.४४), वजा ऑफेन्सिव्ह रिबाउंड (आपल्याच चुकलेल्या शॉटचा), अधिक टर्नओव्हर (शॉट न मारताच बॉल गमावणं). हे इथे फेल गेलं, कारण ऑफेन्सिव्ह रिबाउंड वेगळे मोजायला सुरुवातच १९७३-७४ ला झाली. जुन्या सीझनचे जे पझेशनचे आकडे मिळतात ते अंदाजाने काढलेले असतात, आणि अंदाजाचा आकडा खऱ्या आकड्याच्या शेजारी त्याच फॉन्टमध्ये छापायला माझं मन घेईना. अख्खा रविवार यात गेला.

१४ जुलै

तोडगा सापडला. ऑफेन्सिव्ह रिबाउंड आणि टर्नओव्हर सोडून द्यायचे, फक्त शॉट अधिक ०.४४ गुणिले फ्री थ्रो याला "संधी" म्हणायचं आणि १०० संधींमागे किती गुण झाले ते बघायचं. शॉट आणि फ्री थ्रो लीगकडे पहिल्यापासून मोजलेले आहेत, त्यामुळे अंदाजाने भरलेला सीझन एकही नाही.

आलं ते असं: १९६१-६२ मध्ये साधारण ९६, १९८५-८६ मध्ये १०८, १९९५-९६ मध्ये १०८, २००३-०४ मध्ये १०३, २०१५-१६ मध्ये परत १०८, २०२३-२४ मध्ये ११६. बर्ड, जॉर्डन आणि करी यांच्या तीन सीझनमध्ये लीगची सरासरी जवळपास एकच! खेळ बघायला इतका वेगळा आणि निकाल तोच. हे मला शीट केल्याशिवाय कधीच कळलं नसतं.

आता खेळाडू त्याच्याच वर्षाच्या सरासरीशेजारी ठेवला. विल्ट १९६१-६२ ला १०७, म्हणजे लीगच्या ११ वर. जॉर्डन १९९०-९१ ला १२१, म्हणजे १४ वर. करीम अब्दुल-जब्बार १९७१-७२ ला १२१, आणि लीग १०१ च्या आसपास, म्हणजे २० वर. स्टेफ करी २०१५-१६ ला १३४, तब्बल २६ वर. करीमचं नाव पोरांच्या भांडणात कधी येतच नाही, फ्लेक्सवर त्याचा फोटो मोठा घ्यायचा ठरवलं.

१८ जुलै

पोरांना शीट दाखवली, एकाने लगेच विचारलं की ताई, मग विल्ट आज खेळला असता तर किती? वाट्याने काढून दाखवलं. एका टीमच्या सरासरी रिबाउंडपैकी विल्टचा वाटा ३६ टक्के, तोच वाटा आजच्या ४३.५ वर लावला तर साधारण १५.७. ऑस्करचे १२.५ खाली येऊन ७.६ होतात. पण असिस्ट बघा, तेव्हा टीमचे २३.९ होते आणि आता २६.७, त्यामुळे ऑस्करचे ११.४ वाढून १२.७ होतात. म्हणजे जुने आकडे सगळेच फुगलेले असं सरसकट म्हणता येत नाही, रिबाउंड फुगलेत, असिस्ट उलट कमी दिसतात.

गुणांना मात्र हा हिशोब लावू नका. वाट्याने विल्टचे आजही ४८ येतात, पण तो मॅचमागे ३९.५ शॉट मारायचा आणि ४८.५ मिनिटं खेळायचा, मॅच ४८ ची असते, वरचं अर्धं मिनिट ओव्हरटाइमचं. आज कुठलाही कोच एका माणसाला एवढं खेळवणार नाही. ती ओळ फ्लेक्सवरून काढली.

२१ जुलै

सुरुवात कुठून करायची यावर क्लबच्या सरांशी बोलले. सर म्हणाले लीग सुरू झाली त्या १९४६ पासून, मी म्हटलं १९५४ पासून. कारण शॉट क्लॉक, म्हणजे ठरलेल्या सेकंदांत शॉट मारायलाच लावणारं घड्याळ. २२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेन पिस्टन्सनी मिनीॲपोलिस लेकर्सना १९-१८ ने हरवलं, अख्ख्या मॅचचा स्कोअर हा, बॉल धरून उभं राहायचं एवढंच. लेकर्सकडे उंचापुरा जॉर्ज मायकन होता, त्याच्यामुळे पुढच्याच वर्षी बास्केटखालची लेन ६ फुटांची १२ फूट केली. मग १९५४-५५ ला २४ सेकंदांचा क्लॉक आला. सिराक्यूज नॅशनल्सचे मालक डॅनी बियासोने यांचा हिशोब फार सरळ होता: चांगल्या मॅचमध्ये दोन्ही टीम मिळून १२० च्या आसपास शॉट मारतात, मॅच २८८० सेकंदांची, भागाकार २४. एका वर्षात टीमची सरासरी ७९.५ वरून ९३.१ झाली.

सरांना पटलं. मायकनला डाव्या बाजूला वेगळी पट्टी दिली, आणि हा भागाकार मोठ्या अक्षरात टाकायचा ठरलं, पोरांना पाठ व्हायला हवा.

२५ जुलै

बक्षिसांचा कॉलम पूर्ण काढून टाकला. फायनल एमव्हीपी (फायनलमधला सर्वोत्तम खेळाडू) १९६९ पासून द्यायला लागले, ते रसेलचं शेवटचं वर्ष, आणि पहिला मान हरलेल्या टीमच्या जेरी वेस्टला मिळाला. म्हणजे अकरा चॅम्पियनशिप आणि फायनल एमव्हीपी शून्य. २००९ पासून त्या ट्रॉफीलाच रसेलचं नाव आहे! डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर १९८२-८३ पासून. ब्लॉक (समोरच्याचा शॉट हाताने अडवणं) आणि स्टील (बॉल हिसकावणं) मोजतात तेही १९७३-७४ पासून. रसेलचा खेळ म्हणजेच ब्लॉक, तोही बॉल बाहेर न फेकता आपल्याच माणसाकडे वळवणारा ब्लॉक, आणि तो कुठे लिहिलेलाच नाही. ज्या काळात जे मोजलं गेलं त्यावर कोण मोठा दिसतो ते ठरतं, आणि पोरं जे "तेव्हा होतंच कोण" म्हणतात त्याचं मूळ मला इथे दिसलं.

शीट करणाऱ्यांनी एक करा, जे मोजलंच नव्हतं तिथे ० टाकू नका, सेल रिकामा ठेवा. ० टाकला की सरासरी खाली येते आणि दहा कॉलम पुढे गेल्यावर कळतही नाही की गडबड कुठे झाली.

३ ऑगस्ट

सत्तरच्या दशकावर लवकर उरकलं. दहा वर्षांत आठ वेगळे चॅम्पियन, आणि १९६७ ते १९७६ शेजारी एबीए नावाची दुसरी लीग, म्हणजे चांगले खेळाडू दोन ठिकाणी वाटलेले. ज्युलियस अर्विंग, जॉर्ज गर्विन, मोझेस मलोन तिकडून आले. थ्री पॉइंट लाइनही (जिच्या बाहेरून मारलेल्या बास्केटला तीन गुण) एबीएत होती, एनबीएने ती १९७९-८० ला घेतली. त्या वर्षी टीम मॅचमागे २.८ थ्री मारायची, २०२३-२४ ला ३५.१. एवढं दोन ओळींत पुरे.

नियम आणि टीमची संख्या यांची एक आडवी पट्टी सगळ्या काळांखालून नेली, ही पट्टीच आता मला सगळ्यात कामाची वाटते. १९६४ ला लेन १६ फूट, विल्टमुळे. १९७९ थ्री पॉइंट. १९८८ ते १९९५ सहा नव्या टीम, २३ च्या २९ झाल्या. १९९४ ते ९७ थ्रीची लाइन जवळ आणून सगळीकडून २२ फूट. २००१ झोन डिफेन्सला (एकेक खेळाडू न धरता जागा राखण्याला) परवानगी. २००४-०५ पासून हाताने अडवण्यावर कडक फाउल. काळांची तुलना करताना ही पट्टी नसेल तर ते कबड्डीतले सुपर टॅकल आल्यानंतरचे गुण आणि आधीचे गुण एकत्र जोडण्यासारखं होतं.

जॉर्डनच्या शिकागो बुल्सच्या १९९५-९६ मधल्या ७२-१० वर (७२ जिंकल्या, १० हरल्या) पोरांनी विचारलंच की नव्या टीम होत्या म्हणून का? नव्या टीम होत्या हे खरंय, टोरंटो आणि व्हँकुव्हर त्याच वर्षी आल्या. पण त्या दहा पराभवांतला एक टोरंटोकडूनच होता, १०९-१०८.

११ ऑगस्ट

आज खरं काम झालं. नवा कॉलम: चॅम्पियन टीमने प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांमध्ये) कोणाला हरवलं, आणि त्या टीमनी सीझनमध्ये किती टक्के मॅच जिंकल्या होत्या. हाताने भरायला लागतो, वेळ भरपूर जातो, पण सोडू नका.

मी सुरुवातीपासून धरून चालले होते की ऐंशीचं दशक एक नंबर येणार. मॅजिक आणि बर्ड, दहाच्या दहा फायनलमध्ये लेकर्स किंवा सेल्टिक्सपैकी कोणीतरी आहेच, शिवाय एबीए मिसळून सगळं टॅलेंट २३ टीममध्ये. आणि कॉलम काय म्हणतो बघा. १९८७ चे लेकर्स, ज्यांना लोक आजवरच्या सर्वोत्तम टीममध्ये धरतात, फायनलपर्यंत कोणाला हरवून गेले? डेन्व्हर ३७-४५, गोल्डन स्टेट ४२-४०, सिॲटल ३९-४३. दोन टीम तर हरलेल्या मॅच जास्त असलेल्या. मग फायनलला सेल्टिक्स ५९-२३. चारही मिळून ५४ टक्के. त्याच वर्षी पूर्वेकडे सेल्टिक्सना आधी मिलवॉकीशी सात मॅच, मग डेट्रॉइटशी सात मॅच. म्हणजे ऐंशीचं दशक कठीण होतं ते एका बाजूला, दुसरीकडे रस्ता बराच मोकळा होता.

१९८६ चे सेल्टिक्स (घरच्या कोर्टवर ४०-१!) : शिकागो ३०-५२, अटलांटा ५०-३२, मिलवॉकी ५७-२५, ह्यूस्टन ५१-३१. मिळून ५७ टक्के.

१९९६ चे बुल्स: मायामी ४२-४०, न्यूयॉर्क ४७-३५, ऑरलँडो ६०-२२, सिॲटल ६४-१८. मिळून ६५ टक्के. नव्या टीममुळे लीग पातळ झाली असेलही, बुल्ससमोर प्लेऑफमध्ये आलेल्या टीम पातळ नव्हत्या.

२०१६ चे कॅव्हेलियर्स: डेट्रॉइट ४४-३८, अटलांटा ४८-३४, टोरंटो ५६-२६ आणि शेवटी ७३-९ वाले गोल्डन स्टेट वॉरियर्स, तेही १-३ ने मागे असताना. मिळून ६७ टक्के. एकट्या एका चॅम्पियनशिपचा विचार केला तर मी भरलेल्या रकान्यांमध्ये यापेक्षा अवघड काही नाही.

आणि १९६२ चे सेल्टिक्स: दोनच सिरीज (सातपैकी चार मॅच आधी जिंकेल तो पुढे), फिलाडेल्फिया ४९-३१ आणि लेकर्स ५४-२६, मिळून ६४ टक्के, दोन्ही सिरीज सातव्या मॅचला गेल्या. हे बघून मी खुर्चीतून उठलेच. "दोनच सिरीज जिंकायच्या होत्या" हा पोरांचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यातली एक विल्टविरुद्ध होती.

१२ ऑगस्ट

१९६२ च्या फायनलवर फ्लेक्समध्ये वेगळी चौकट द्यायची ठरवली. लेकर्सचा एल्जिन बेलर त्या सीझनला आर्मी रिझर्व्हच्या ड्युटीवर होता, सुट्टीचा पास मिळेल तसा येऊन मॅच खेळायचा, जेमतेम ४८ मॅच खेळला. तोच माणूस फायनलच्या पाचव्या मॅचला ६१ गुण करतो. सातवी मॅच बोस्टनला, शेवटच्या सेकंदांना स्कोअर बरोबरीत, फ्रँक सेल्वीचा शॉट रिंगला लागून बाहेर, ओव्हरटाइम, सेल्टिक्स ११०-१०७. रसेल ३० गुण आणि ४० रिबाउंड. रिबाउंडचा आकडा तेव्हा फुगलेला होता हे मान्य करूनही ४० म्हणजे ४०, आणि तोही सातव्या मॅचला.

१८ ऑगस्ट

रसेलच्या काळाच्या विरोधातलंही तेवढ्याच ठळक छापायचं, नाहीतर तक्ता एकांगी होतो. १९६१ पर्यंत आठच टीम, मग १९६६ पर्यंत नऊ. पहिले काळे खेळाडू १९५० ला आले, अर्ल लॉइड, चक कूपर, नॅट क्लिफ्टन, आणि पुढे बरीच वर्षं एका टीममध्ये किती काळे खेळाडू ठेवायचे यावर न लिहिलेली मर्यादा होती. सेल्टिक्सनी पाचही काळे खेळाडू सुरुवातीला उतरवले ते २६ डिसेंबर १९६४ ला. म्हणजे खेळण्याच्या लायकीचे कितीतरी लोक दाराबाहेर होते. दुसऱ्या बाजूने, आठ-नऊ टीम म्हणजे शंभरेक जागा, आणि तीच मोठी माणसं एकमेकांसमोर वर्षातून दहा-बारा वेळा. दोन्ही वाक्यं खरी आहेत, दोन्ही शेजारी शेजारी टाकली.

आत्ताच्या काळाचा कॉलम याच्या अगदी उलट. २०२३-२४ च्या सुरुवातीला अमेरिकेबाहेरचे १२५ खेळाडू, ४० देशांतले. २०१९ ते २०२४ एमव्हीपी यानिस, योकिच, एम्बीड, तिघंही बाहेर जन्मलेले. २०१९ ते २०२४ सहा वर्षांत सहा वेगळे चॅम्पियन. खेळाची पातळी म्हणाल तर आत्ताचीच सगळ्यात वर, यावर मला शंका नाही, अख्ख्या जगातून निवडून आलेत. आपल्या वरळीच्या डोममध्ये २०१९ ला पेसर्स-किंग्ज खेळून गेले, १३२-१३१ ओव्हरटाइम, पोरांपैकी दोघं तिकडे जाऊन आलेत आणि अजून तेच सांगतात.

वॉरियर्सच्या कॉलमखाली पैशाची एक ओळ टाकली: टीव्हीच्या नव्या करारामुळे सॅलरी कॅप (टीमच्या एकूण पगारावरची मर्यादा) २०१६ च्या एका उन्हाळ्यात ७ कोटी डॉलरवरून ९.४१ कोटींवर गेली, म्हणून ७३ मॅच जिंकलेल्या टीमला केविन ड्युरंट घेता आला. २०१७ आणि २०१८ च्या चॅम्पियनशिपचं वजन करताना हे माहीत असायला हवं.

२५ ऑगस्ट

व्हिडिओ बघण्यात पंधरवडा गेला, ठरवून बघा नाहीतर रात्री जातात. विल्टच्या १०० गुणांच्या मॅचचा (२ मार्च १९६२, हर्शी) व्हिडिओ शोधू नका, तो नाहीच, चौथ्या क्वार्टरचं रेडिओ रेकॉर्डिंग तेवढं आहे. जुन्या मॅचमध्ये स्कोअर बघू नका, पाय बघा. रसेल ब्लॉक करून खाली येतो आणि त्याच दमात पुढे पळायला लागतो, सेल्टिक्सचा फास्ट ब्रेक (समोरचे सावरायच्या आत केलेली चढाई) तिथून सुरू होतो. सरांनी तेवढा तुकडा पोरांना मोबाइलवर परत परत दाखवला आणि दुसऱ्या दिवशी ड्रिलमध्ये घेतला.

१ सप्टेंबर

फ्लेक्स. ८ बाय ४ फूट, छपाई १५ रुपये चौरस फूट म्हणजे ४८०, डीटीपीचे ४०० वेगळे. पहिल्या प्रिंटमध्ये जोडाक्षरं फुटली, "चॅम्पियनशिप" मधला म्प सुटा झाला आणि रफार भलत्याच अक्षरावर. युनिकोडमध्ये टाइप केलेलं त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये तसंच चिकटवलं की असं होतं. परत छापायचे ४८० आम्हीच दिले. तुम्ही करताना मजकूर पाठवू नका, सगळं पान आपल्याकडेच पीडीएफ करून फॉन्टसकट द्या, आणि पूर्ण साइजला छापण्याआधी ए-थ्रीवर एक प्रूफ काढून दशांश चिन्हं तपासा, आमच्या प्रूफमध्ये ५०.४ चे ५०४ झाले होते. लोखंडी रिंगा आणि दोरी धरून एकूण खर्च १,४६० आला.

८ सप्टेंबर

लावला. एक नंबर कोणाला द्यायचा यावर सरांचं म्हणणं द्यायचाच नाही. माझं मत मी खाली कोपऱ्यात सही करून टाकलंय: पातळी आत्ताची, सगळ्यात अवघड एक चॅम्पियनशिप २०१६, आणि काळ म्हणून रसेलचा, १९५७ ते १९६९, कारण सातव्या मॅचमध्ये तो माणूस दहापैकी दहा जिंकलाय आणि ही गोष्ट मोजायला कुठलाही फॉर्म्युला लागत नाही. ऐंशीवाल्यांनी येऊन वाद घालावा, १९८३ च्या फिलाडेल्फिया सिक्सर्सचा रकाना अजून भरायचाय, मोझेस मलोन आल्यावर ते प्लेऑफमध्ये १२-१ गेले होते, त्यांच्या समोरच्या टीमचे टक्के काढले की स्टिकरने चिकटवू. आज संध्याकाळी दोन पोरं करीमच्या फोटोखाली उभी राहून ३४.८ गुण मॅचमागे खरंच का, असं एकमेकांना विचारत होती. खरंच, १९७१-७२, मिलवॉकी बक्स.